राणी केतेवानच्या अस्थीची कैफियत

मांडवीच्या दक्षिण तीरावरील जुन्या गोव्यात, पोर्तुगीजांनी ज्या उंचवट्याला ‘मोन्ते सांतो’, म्हणजे पवित्र टेकडी, असे नाव दिले त्याच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा सुमारे ४६ मीटर उंचीचा एक भग्न मनोरा उभा आहे. १५७२ साली गोव्यात आलेल्या ऑगस्टिनियन पंथाच्या साधूंनी पुढे १५९७ ते १६०२ या काळात उभारलेल्या ‘नोस्सा सेन्योरा द ग्रासा’ या विस्तीर्ण चर्चचे आता एवढेच ठळक चिन्ह राहिले आहे. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बरखास्त करून त्यांची मालमत्ता सरकारजमा केली, साधू पांगले, १८४२ साली छताची कमान कोसळली, घंटा फिरत फिरत अखेर पणजीच्या चर्चात जाऊन बसली आणि १९३१ साली दर्शनी भिंतीने मनोऱ्याचा काही भाग बरोबर घेऊन जमीन गाठली. अशा या ढिगाऱ्यात एका परदेशी राणीच्या हाताचे हाड शोधावयाचे, आणि सापडलेच तर ते तिचेच आहे असे सिद्ध करावयाचे, हा उद्योग वरकरणी वेडाचा वाटला तरी तो करणाऱ्यांच्या हाती एक जुना कागद होता, आणि दफ्तराच्या भरवशावर जमीन उकरणे हा इतिहाससंशोधकांचा मान्य व्यवसायच आहे.

ही राणी म्हणजे पूर्व जॉर्जियातील काखेती राज्याची केतेवान. तिचा पती दावीद अल्पकाळ राज्य करून वारला. त्यानंतर १६०५ साली इराणच्या दरबारात वाढलेल्या व मुसलमान झालेल्या तिच्या दिराने, कॉन्स्तान्तीनने, स्वतःच्या पित्याचा व भावाचा वध करून गादी बळकावली, तेव्हा सरदारांना एकत्र करून तिने त्याचा पराभव केला आणि आपला पुत्र तैमुराझ याला गादीवर बसविले. इतके कर्तृत्व असूनही लहान राज्याच्या नशिबी मोठ्या शेजाऱ्याची मर्जी सांभाळणे असतेच. १६१४ साली शाह अब्बासाची फौज चालून आली तेव्हा तैमुराझने तहाच्या हमीदाखल आपली माता व दोन मुले ओलीस पाठविली. मुलांना खच्ची करण्यात आले व ती त्यातून वाचली नाहीत. राणीला शिराज येथे दहा वर्षे नजरकैदेत ठेवले गेले. फार्स प्रांताचा सुभेदार इमाम कुली खान हा स्वतः जॉर्जियन वंशाचा, हा त्या दरबारी राजकारणातला एक विचित्र योग. १६२४ च्या सप्टेंबरात धर्मांतराचे फर्मान नाकारल्याबद्दल तापवून लाल केलेल्या सांडशींनी तिचे हालहाल करून तिचा अंत करण्यात आला.

या प्रसंगाची हकीकत शिराजमधील ऑगस्टिनियन साधूंनी लिहून ठेवली. त्यांनी तिचे अवशेष गुप्तपणे हस्तगत केले. त्यांपैकी काही १६२७ साली गोव्यास पोचले आणि काही पुढच्या वर्षी खुद्द तैमुराझच्या हाती देण्यात आले, जे काखेतीतील अलावेर्दीच्या महामंदिरात ठेवले गेले. येथे वाचकाने थोडे सावध व्हावे. ज्या काळात प्रत्येक वेदीत संतांचे अवशेष असावेत असा दंडक होता, आणि त्रेन्तच्या धर्मसभेने १५६३ साली बिशपाच्या मान्यतेविना नव्या अवशेषांची पूजा चालू करू नये असा निर्बंध घातला होता, त्या काळात अस्थी हा भक्तीचा विषय होता तसाच प्रतिष्ठेचाही होता, आणि अस्थीसोबत मोहोरबंद दाखला जोडण्याची रीत त्या गरजेतूनच रूढ झाली. जॉर्जियात आपल्या संघाचा शिरकाव व्हावा अशी इच्छा बाळगणाऱ्या साधूंना राणीच्या अस्थी ही उत्तम शिफारस होती. राणी अखेरीस रोमच्या पंथाकडे वळली होती असा त्यांचा दावा, तर जॉर्जियाच्या सनातनी चर्चने तिला आपली हुतात्मा म्हणून संतपद दिले. एकाच देहावर दोन पंथांची वहिवाट असली की साक्षीदारांची जबानी ताडून पाहावी लागते. मात्र ती पक्षपाती आहे एवढ्यावरून खोटी ठरत नाही.

साधूंच्या कागदांत एक बारीक तपशील होता, आणि सारे प्रकरण त्या तपशिलावर उभे राहिले. राणीच्या हाताचे व पंजाचे हाड मठाच्या सभागृहालगतच्या प्रार्थनागृहात, एका विवक्षित खिडकीपाशी, दगडी पेटीत ठेवले आहे, अशी ती नोंद. १९८९ पासून जॉर्जियाची शिष्टमंडळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या सहकार्याने त्या खिडकीचा शोध घेत होती. पण ज्या इमारतीचे छत, भिंती आणि खोल्यांचे विभाजन सर्वच नाहीसे झाले तिच्यातील ‘खिडकी’ म्हणजे नेमकी कोणती, हा प्रश्न फावड्याने सुटण्यासारखा नव्हता. त्याला मठाचा मूळ आराखडा समजून घेणारा माणूस हवा होता. पोर्तुगालमधील वास्तुअभ्यासक सिद्ध लोसा मेंदिरात्त आणि सर्वेक्षणाचे अधिकारी यांनी २००४ च्या मे महिन्यात ते प्रार्थनागृह व ती खिडकी निश्चित केली. दगडी पेटी मात्र तेथे नव्हती. पेटीचे झाकण सापडले, आणि खिडकीच्या आसपास हाडांचे तुकडे. संशयाला जागा होती ती नेमकी येथे: पेटी गेली कोठे, ती नेताना हाडे उपसली गेली की नाही, आणि पायाखालील फरशीत थडगीच थडगी असलेल्या चर्चात खिडकीजवळचे हाड हे पेटीतलेच कशावरून?

तीन हाडांचे नमुने हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवविज्ञान केंद्राकडे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या सीसीएमबीकडे, गेले. गोव्याचा पाऊस, उष्मा आणि दमट माती ही डीएनएची शत्रूच. शिवाय हाड उचलणाऱ्या, धुणाऱ्या, दाखविणाऱ्या प्रत्येक हाताचा डीएनए त्यावर चिकटतो. म्हणून अशा कामात वरचा थर काढून टाकून आतील भागाची भुकटी घेतात व ती वेगळ्या, निर्जंतुक केलेल्या खोलीत हाताळतात. जुन्या हाडात शाबूत राहण्याची शक्यता अधिक असते ती तंतुकणिकेतील डीएनएची, कारण प्रत्येक पेशीत त्याच्या प्रती शेकड्यांनी असतात. हा डीएनए केवळ आईकडून अपत्यांना मिळतो. मग असे आढळले की एका हाडाची मातृवंशरेषा ‘यू१बी’ नावाच्या गटातील आहे. सुमारे २२,००० भारतीयांच्या नमुन्यांत या गटाचा मागमूस नव्हता, उलट तपासलेल्या ३० जॉर्जियनांपैकी २ जणांत तो मिळाला. नीरज राय, कुमारसामी थंगराज व त्यांच्या सहकाऱ्यांचा हा निबंध २०१४ साली ‘मायटोकॉन्ड्रिऑन’ या नियतकालिकात छापून आला, आणि हाड बहुधा राणीचे असावे, अशा जपून केलेल्या विधानापलीकडे लेखकांनी पाऊल टाकले नाही.

ते पाऊल न टाकण्यातच शहाणपण होते, कारण आक्षेपकांचे म्हणणे साधे असले तरी भक्कम आहे. तंतुकणिकेचा डीएनए वंशरेषा सांगतो, व्यक्ती सांगत नाही. मुलग्यालाही तो आईकडूनच मिळत असल्याने एकट्या त्याच्यावरून हाड बाईचे की पुरुषाचे हेसुद्धा ठरत नाही. खरी खात्री पटवायची तर राणीच्या आईच्या, मावशीच्या किंवा बहिणीच्या अखंड स्त्रीवंशातील कोणाचा तरी नमुना हवा. तैमुराझचे वंशज कितीही अस्सल असले तरी या कामी निरुपयोगी, कारण मुलापाशी ती रेषा तुटते. दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. भारतीयांशी तुलना करून हाड भारतीयाचे नाही एवढे कळले; पण त्या मठात पुरले जाण्याचा अधिक संभव होता तो पोर्तुगीज साधूंचा व फिदाल्गोंचा, म्हणजे सरदारांचा, आणि सतराव्या शतकातील गोव्याच्या बाजारात आर्मेनियन, इराणी, तुर्क असे पश्चिम आशियातील लोकही वावरत होते. ‘यू१’ ही मूळ शाखा भूमध्य सागरापासून पश्चिम आशियापर्यंत तुरळक आढळतेच. तेव्हा खरा प्रतिवादी कोकणातला माणूस नसून लिस्बनचा आहे.

तरीही या आक्षेपांनी प्रकरण कोसळत नाही, असे माझे मत आहे. एकटा डीएनए दुबळा, एकटी नोंद पक्षपाती, एकटी जागा विस्कटलेली. पण नोंद करणाऱ्या साधूंना सतराव्या शतकात या चाचणीची कल्पनाही असणे शक्य नव्हते, आणि चाचणीने त्या नोंदीला खोटे पाडण्याची पूर्ण संधी घेऊन ती खोटी पाडली नाही. शिवाय त्याच चाचणीने उरलेली दोन हाडे बाद केली. त्यांच्या मातृवंशरेषा दक्षिण आशियात सर्रास आढळणाऱ्या निघाल्या, म्हणजे राणीच्या म्हणून उचललेल्या तीनपैकी दोन हाडे कोणा एतद्देशीयांची होती. ज्यांना पुरावा जुळवूनच आणावयाचा होता त्यांनी असा निष्कर्ष छापला नसता.

या वादाची तुलना तुरिनच्या प्रसिद्ध कफनाशी होते, ती मला अर्धीच पटते. १९८८ साली ऑक्सफर्ड, झुरिक आणि ॲरिझोना येथील तीन प्रयोगशाळांनी त्या वस्त्राच्या तुकड्याचा कार्बन मोजून त्याचा काळ १२६० ते १३९० असा ठरविला, आणि तेव्हापासून तुकडा दुरुस्तीच्या जागचा होता का, नमुना दूषित होता का, यावर खल चालूच आहे. तेथे विज्ञानाने परंपरेला नकार दिला म्हणून श्रद्धावान नमुन्याच्या जागेवर तुटून पडले; येथे विज्ञानाने होकाराच्या दिशेने मान हलविली म्हणून कोणी नमुन्याची जागा फारशी तपासली नाही. नेमकी ती जागाच गोव्यात अधिक डळमळीत होती. होकार सोयीचा असला की उलटतपासणी ढिली पडते, ही काही केवळ धर्मपंडितांची खोड नव्हे.

२०१७ च्या सप्टेंबरात हे अवशेष दर्शनासाठी जॉर्जियाला उसने देण्यात आले, मुदत वाढवून वर्षभर तेथे राहिले व पुढच्या सप्टेंबरअखेर परत आले. नंतर २०२१ च्या जुलैत परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिबिलिसीत त्यांचा एक भाग जॉर्जियाला कायमचा भेट म्हणून सुपूर्द केला. समारंभात अर्थातच शास्त्रज्ञांच्या ‘बहुधा’ला स्थान नव्हते, आणि असावे अशी अपेक्षाही करू नये, राज्ये भेटी देतात त्या संभाव्यतेच्या हिशेबाने देत नाहीत. पण निबंध लिहिला गेला त्यानंतर जुन्या हाडांतून पेशीकेंद्रातील डीएनए काढण्याची कला बरीच पुढे गेली आहे. त्यावरून लिंग कळते, आणि हाडाच्या मालकाचे पूर्वज कॉकेशसच्या डोंगरांतले की पोर्तुगालच्या किनाऱ्यावरचे, हेही पुष्कळ खात्रीने सांगता येते. लिस्बनच्या प्रतिवादीला साक्षीला बोलावण्याचा तोच मार्ग. हाड पुन्हा कोरावे लागेल, आणि त्यासाठी दोन सरकारांची व एका धर्मपीठाची लेखी संमती मिळवावी लागेल.