दसऱ्याआधीचे पैसे

पुण्या-मुंबईकडचे पाहुणे गावात आले की एक प्रश्न हमखास विचारतात. ऊस तोडायला जाणारा माणूस एवढा कष्टाचा, टनावर त्याचा दर ठरलेला, मग तो काम सुरू होण्याआधीच कर्जात कसा? लग्न, दवाखाना, दारू ही कारणं त्यांनी पेपरात वाचलेली असतात. ती काही खोटी नाहीत. पण मूळ गोष्ट त्याहून साधी आहे. कामाला लागायलाच पैसे लागतात, आणि हातात एक रुपया पडायच्या आधी लागतात.

आमचं पाली बीडच्या जवळ, सोलापूरच्या रस्त्यावर. बिंदुसरेचं धरण गावाला लागून, तरी वरच्या अंगाची जमीन हलकी आणि पावसावरची. बाजरी निघाली की दसऱ्यानंतर रानात फारसं काम राहत नाही. मग माणसं कोयता घेऊन निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. या जोडीला निघायला काय काय लागतं ते मोजून बघा. दोन-तीन कोयते, ते घासायला कानस, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, पांघरुणं, पहिला महिना पुरेल इतकं धान्य, तेल, मिरची. मागं म्हातारी आणि शाळेतली लेकरं राहणार असतील तर त्यांच्या खाण्याची तजवीज. बैलगाडीवाला असेल तर वर बैलजोडी, तिची नालं, पेंड. हे सगळं भाद्रपद-अश्विनात जमवायचं. त्याच दिवसांत घरातली कणगी रिकामी असते.

हा पैसा मुकादम देतो. त्याला उचल म्हणतात. मुकादमाला तो कारखान्याकडून मिळतो आणि तो आपल्या टोळीत वाटतो. अर्ज नाही, उतारा नाही, जामीनदार नाही. दारात येऊन नोटा मोजतो. पुढं पाच-सहा महिने तोडलेल्या उसातून ती उचल फेडायची. फिटली नाही तर राहिलेली बाकी पुढच्या सालाला, म्हणजे पुढच्या सालीही त्याच मुकादमाकडं. आजारी पडून खाडा झाला तर तोही अंगावर मांडला जातो.

मी दहावीला होतो त्या साली माझ्या बापानं नऊशे रुपये उचल घेतली. त्यातून माझ्या परीक्षेचा फॉर्म भरला, आजीच्या जवळ ज्वारीचं पोतं ठेवलं आणि माय-बाप निघून गेले. मी माईला म्हणालो, ‘‘माझ्या फॉर्मसाठी उचल कामून घेतली?’’ ती म्हणाली, ‘‘तुझा फॉर्म नसता तरी घ्यावीच लागली असती बाबा. हात हालवत गेलं तर फडात काय खावं?’’ तेव्हा मला ते नीट कळलं नव्हतं. दहावीनंतर मीही दोन हंगाम कोयता मारला, तेव्हा कळलं.

त्या आधीच, 1976 साली, वेठबिगारी बंद करणारा कायदा देशात झाला होता. घेतलेल्या आगाऊ पैशापोटी माणसाला कामाला बांधून ठेवता येत नाही, असं तो सांगतो. पण आमच्याकडं उचलीला कोणी वेठबिगारी म्हणत नव्हतं. आम्हीसुद्धा म्हणत नव्हतो. ज्यानं अडचणीला पैसे दिले त्याला नाव कसं ठेवणार?

सरकारनं काही केलंच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. 1972 च्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. शिवारात काही पिकलं नव्हतं. जागोजागी खडी फोडायची, नाला बांधायची, रस्त्याची कामं निघाली. पण कामावर गेलं म्हणजे त्याच दिवशी पैसे, असं नसतं. मोजमाप व्हायचं, मस्टर वर जायचं, मग पगार व्हायचा. पहिला आठवडा काढायचा कसा? बापानं शेजाऱ्याचा हातोडा मागून आणला, टिकावाला लोहाराकडून उधारीवर पाणी दिलं. आणि त्या कामावर दुपारी सुकडी वाटायचे. ती गोड भरड ओंजळीत घेऊन आम्ही पोरं झाडाखाली खात बसायचो. मिलो ज्वारीच्या लाल भाकरीला तोंड वाकडं करणारी माणसंही सुकडीला नावं ठेवत नव्हती. आज वाटतं, सुकडी ही नुसती दया नव्हती. काम लागणं आणि दाम मिळणं यांच्या मधली जी दरी असते, ती तेवढ्यापुरती त्या सुकडीनं बुजवली होती. त्या साली माझ्या बापानं पहिल्या आठवड्यासाठी कोणाचं देणं केलं नाही.

त्याच कामांतून पुढं रोजगार हमी योजना पक्की झाली. वि. स. पागे यांनी तिचा प्रयोग आधी 1965 साली तासगाव तालुक्यात करून बघितला होता. 1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मागेल त्याला काम, आणि मागितल्यापासून 15 दिवसांत. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून जो व्यवसाय कर कापला जातो, तो या योजनेसाठीच सुरू झाला. म्हणजे गावातल्या खडीमागं शहराचाही पैसा होता, हे दोघांनीही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. पुढं देशाच्या कायद्यातही 15 दिवसांत मजुरी द्यावी असं लिहिलं गेलं. पण ज्याच्या घरात उद्याचं पीठ नाही त्याला 15 दिवस हासुद्धा मोठा आकडा असतो. मुकादम एका संध्याकाळी पैसे देतो. हमीचं काम गावात असतानाही माणसं कोयत्याला का जातात, याचं अर्धं उत्तर इथं आहे. बाकीचं अर्धं, कोयत्याला एकरकमी पैसा दिसतो, हे आहे.

नंतर आली आयआरडीपी. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम हे तिचं पूर्ण नाव, ते आमच्याकडं कोणी घेतलं नाही. 2 ऑक्टोबर 1980 पासून ती देशातल्या सगळ्या तालुक्यांत आली. बैल, गाडी, म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन, जे धंद्याला लागेल त्याला बँकेचं कर्ज आणि सरकारची सबसिडी. छोट्या शेतकऱ्याला पाव हिस्सा, अगदी थोडी जमीन असणाऱ्याला आणि शेतमजुराला तिसरा हिस्सा. विचार बरोबर होता. माणसाला हत्यार द्या, मग त्याला मुकादमाच्या पैशाची गरज राहणार नाही.

माझ्या थोरल्या भावानं बैलजोडीसाठी कागद दिले. जेठात दिले. स्वतःची जोडी असली की गाडी सेंटरला जाता येईल, डोक्यावर मोळ्या वाहायला लागणार नाहीत, वाढे विकून चार पैसे सुटतील, असा त्याचा हिशेब होता. सातबारा, थकबाकी नसल्याचे दाखले, कुठल्या सोसायटीचं देणं नाही याचा कागद. प्रत्येक दाखल्याला एक चक्कर आणि एक रोज बुडाला. कर्ज मंजूर झालं, पण बैल हातात आले ते पौषात. नेकनूरच्या बाजारात साहेबांसमोर खरेदी झाली, बैलांच्या कानाला विम्याचे बिल्ले मारले. तोवर टोळ्या जाऊन दोन महिने झाले होते. फड चालू झाल्यावर नवी गाडी कोण घेणार?

बैल दावणीला उभे आणि कडबा विकत. उन्हाळ्यात भावानं एक बैल काढला, मग दुसरा. पुढं वसुलीवाले आले तेव्हा ‘‘बैल कुठं आहेत?’’ असं विचारलं. दादा काही बोलला नाही. त्याला लबाड ठरवलं गेलं आणि पुढची कित्येक वर्षं तो थकबाकीदार म्हणून राहिला. त्या साली दसऱ्याला त्यानं पुन्हा उचल घेतली, या वेळी आधीपेक्षा जास्त, कारण आता बँकेचंही फेडायचं होतं. मदत मिळाली नाही असं नाही. ती दसऱ्यानंतर मिळाली, एवढंच. मदतीला मुहूर्त असतो, आणि तो मजुराच्या कामाचा असावा लागतो.

आता काळ बदलला आहे. गोपीनाथराव मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगारांचं कल्याण महामंडळ झालं. त्यासाठी कारखान्यांनी उसाच्या दर टनामागं 10 रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे असं ठरलं. संत भगवानबाबांच्या नावानं मजुरांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहं निघाली. लेकरू वसतिगृहात राहिलं तर त्याच्या मागं ठेवायच्या धान्याचा खर्च वाचतो, म्हणजे तितकी उचल कमी. हा हिशेब सरकारी कागदात नसतो, पण घरात तो असाच मांडला जातो. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, तीही चांगलीच. पण दर वाढला तरी तो तोडल्यावर मिळतो. तोडायच्या आधीच्या पैशाला अजून मुकादमच आहे. आज एका कोयत्याची उचल लाखाच्या घरात गेली आहे.

सुतार, लोहार, चांभार अशा 18 कामांसाठी 2023 साली पीएम विश्वकर्मा योजना आली. तिच्यात हत्यारांसाठी 15 हजार रुपये मिळतात. कोयता घडवणाऱ्या लोहाराला हत्याराची मदत आहे याचा आनंदच आहे. पण तो कोयता विकत घेणाऱ्याचं नाव त्या 18 मध्ये नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याच्या बायकोनं एक गोष्ट केली. भाद्रपदातच ती आपल्या बचत गटात बोलली, ‘‘मला कोयत्याचं सामान घ्यायचंय, उचलीआधी पैसे द्या.’’ गटातल्या बायांनी वीस हजार दिले. तिनं ताडपत्री, कोयते, किराणा सगळं घेतलं. मुकादम आला तेव्हा नवरा-बायकोनं निम्मीच उचल मागितली. मुकादम हसत म्हणाला, ‘‘का, लॉटरी लागली का?’’ त्या साली फाल्गुनात त्यांची उचल फिटली. शेवटचे वीस-बावीस दिवस जे तोडलं ते त्यांच्या खिशात आलं. गटाचे पैसे फेडून पोरीच्या शाळेचे कपडे झाले, आणि दुसऱ्या साली मुकादम कोणता धरायचा हे त्यांनी ठरवलं.

वीस हजार ही काही मोठी रक्कम नाही. एखाद्या कार्यालयात तेवढ्याचा मंडप पडतो. पण ती दसऱ्याच्या आधी आली, तिला पाच दाखले लागले नाहीत, आणि देणारणीनं त्या जोडीचा हंगाम लिहून घेतला नाही. माझा बाप पुरा हंगाम खपला तो अशाच थोड्या पैशांसाठी. टनामागचे ते 20 रुपये गोळा होतात त्यातून एवढी रक्कम नोंदणी असलेल्या कोयत्याच्या खात्यावर भाद्रपदात पडावी, असं मला वाटतं. बिनव्याजी द्या, फाल्गुनात परत घ्या. आमची माणसं मुकादमाचं बुडवत नाहीत, महामंडळाचं कशाला बुडवतील?