२८ नोव्हेंबर १९४५ : मुंबईला पोहोचलेली मकरानची लाट

१/८
भूकंप म्हटले की आम्हा वऱ्हाडकरांना किल्लारी आठवते, फार तर कोयना. राजापेठेपासून मुंबईचा समुद्र सरळ रेषेतही साडेपाचशे किलोमीटर दूर. समुद्रतळाचा भूकंप आमच्या कल्पनेत सहसा येत नाही. परंतु अशाच एका भूकंपाने मुंबईत माणसांचे बळी घेतले होते. त्या सकाळचा हा इतिहास.

२/८
२८ नोव्हेंबर १९४५, पहाटे सुमारे साडेतीन. बलुचिस्तानातील पसनीच्या दक्षिणेस अरबी समुद्रात भूकंप झाला. आजच्या गणनेनुसार तीव्रता ८.१. या मकरान पट्ट्यात अरबी भूपट्ट युरेशियन भूपट्टाखाली सरकतो. समुद्रतळ उचलला गेला, पाणी उसळले, समुद्राखालील केबली तुटल्या.

३/८
कराचीत पहिली लाट साडेपाचच्या सुमारास आली. मुंबईत ती सव्वाआठला पोहोचली. अकराशेहून अधिक किलोमीटरचे अंतर, पावणेपाच तासांचा प्रवास.

४/८
इतका वेळ का लागला? त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. ३००० मीटर खोलीत तो ताशी सुमारे ६०० किलोमीटर, तर ५० मीटर खोलीत जेमतेम ८०. मुंबईसमोरचा उथळ समुद्र फार रुंद आहे. तेथे लाट मंदावली.

५/८
हवामान खात्याच्या सी. जी. पेंडसे यांनी या घटनेवर शास्त्रीय टिपण लिहिले. मुंबईत लाटेची उंची साडेसहा फूट नोंदली गेली आणि १५ माणसे वाहून गेली. वर्सोव्याला मासेमारी करणारे आणि हाजी अलीजवळचे लोक समुद्राने ओढून नेले. जुहू व दांड्याला नांगरलेल्या होड्या तुटून गेल्या.

६/८
एकूण मृतांचा आकडा अनेक ठिकाणी ४००० छापला जातो. काही अभ्यासक मात्र तो सुमारे ३०० मानतात. पुनरुक्तीने आकडा प्रसिद्ध होतो, सिद्ध होत नाही.

७/८
खरी बोच पुढेच आहे. कराची आणि मुंबई ही एकाच राजवटीची बंदरे, तारेने जोडलेली. दोन्ही लाटांमध्ये पावणेतीन तास होते. परंतु किनाऱ्याला सावध करणारी व्यवस्थाच नव्हती. १९४६च्या आपत्तीनंतर पॅसिफिकमध्ये १९४९ साली इशारा केंद्र उभे राहिले. हिंदी महासागराला त्यासाठी २००४ची त्सुनामी पाहावी लागली. हैदराबादचे केंद्र २००७ साली सुरू झाले.

८/८
पाणी किती फूट चढले, हे आपण सांगू शकतो. कोण बुडाले, हे आपली पाठ्यपुस्तके सांगत नाहीत. आपल्यापैकी कोणाच्या घरी, विशेषतः कोळीवाड्यांत, त्या सकाळची आठवण कोणी सांगितली असेल तर अवश्य लिहावे. मोजमापाने लाट कळते. तिच्यात सापडलेला माणूस अशा आठवणींतूनच कळतो.