वाळ्याच्या ताटीची कथा

वैशाख लागला की यवतमाळ जिल्ह्यात पारा ४२ अंशांच्या पलीकडे जातो आणि दुपारचा वारा अंगास चटके देऊ लागतो. अशा वेळी दारास वाळ्याची ताटी बांधून तिच्यावर पाणी शिंपावयाचे, हा वऱ्हाडातील जुना उपाय होय. तोच उष्ण वारा त्या ओल्या मुळांतून घरात शिरला म्हणजे शीतल व सुगंधी होतो.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने रचलेल्या ‘आईन-इ-अकबरी’त अशा ताट्यांनी थंड केलेल्या खोल्यांचे वर्णन आढळते. त्याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याच्या महालांत ‘योत-लोहारा’ हे नाव येते. त्यातील योत म्हणजेच यवतमाळ. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांच्या बंगल्यांतून या ताटीस हाताने फिरवावयाच्या पंख्याची जोड मिळाली. वाऱ्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. विसाव्या शतकात विजेचा पंखा व लहानसा पंप आला. मग चक्र फिरविणारा आणि पखालजी या दोघांनाही निरोप मिळून ताटीचा कूलर झाला.

साधने बदलली, तरी तत्त्व एकच राहिले. उष्णता नाहीशी होत नसते. ती केवळ आपले स्थान बदलते. पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते आणि ती ताटीतून जाणाऱ्या हवेतून घेतली जाते. या ‘सुप्त उष्णते’चा उलगडा स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक याने १७६० नंतरच्या काही वर्षांत केला. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषते. ही वाफ बाहेर जावी, म्हणून समोरची खिडकी उघडी ठेवणे अवश्य असते. मृग बरसला की मुळातच दमट झालेल्या हवेत आणखी वाफ फारशी सामावत नाही. मग कूलर वारा देतो, गारवा देत नाही.

तात्पर्य, हा गारवा पंख्याचा नसून पाण्याचा आहे. आणि तो हवासा वाटतो त्याच दिवसांत पाणी दुर्मीळ असते. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहरावर तीव्र पाणीटंचाई ओढवली होती. पखालजी पाणी वाहून आणी, तेव्हा ताटीवर किती पाणी खर्ची पडते हे घरधन्यास डोळ्यांनी दिसे. कूलरला नळी जोडली गेली आणि तो हिशेब दृष्टीआड झाला. खर्च मात्र थांबला नाही.