फरशीखाली काय आहे?

मराठवाड्यातल्या जुन्या घरांचा विषय निघाला की लोक माळवदावर बोलतात, देवडीवर बोलतात. पायाखालच्या जमिनीवर कुणी बोलत नाही. देगलूरच्या आमच्या घरात खालची फरशी उखडून नवी घालायचं काम निघालं, आणि मी या विषयात पडलो. (शनिवार-रविवार दुसरा उद्योग काय!)

आधी असायची मातीची जमीन. माती, मुरूम, पाणी मारून चोपण्याने चोपायची, वरून शेणाचं सारवण. घरातल्या बाईचा हात दर आठ-पंधरा दिवसांनी इंचाइंचावरून फिरायचा. कुठं खचलं, कुठं ओल आली, कुठं घुशीनं पोखरलं, हे त्या हाताला आधी कळायचं आणि तिथल्या तिथं बुजवलं जायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग आणि मेंटेनन्स एकाच टीमकडे, तेही बिनपगारी!

मग आली शहाबादी. शहाबाद गुलबर्ग्याजवळचं. आज ते कर्नाटकात आहे, पण १९५६ पर्यंत ते आणि देगलूर एकाच हैदराबाद राज्यात होते. सीमा बदलली, फरशी येत राहिली. सारवण सुटलं, बायकांच्या कंबरा वाचल्या, चांगलंच झालं. पण तो तपासणारा हातही गेला. आता खाली काय आहे ते एकट्या मिस्त्रीला ठाऊक.

ही काळजी फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस आपल्या सातव्या ग्रंथात आधी जमिनीचंच सांगतो : खालची माती सगळीकडे घट्ट आहे का बघा, भराव असेल तर नीट ठोकून घ्या. मग मूठभर आकाराचे दगड, त्यावर खडी आणि चुना, त्यावर कुटलेली खापरं तीन भाग आणि चुना एक भाग. म्हणजे आपली सुरखीच की! दिसणारी फरशी सगळ्यात शेवटी.

आमच्याकडे तर काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर घातलेली फरशी वर-खाली होणारच.

मिस्त्री म्हणाला, "भराव झाला सायेब, सोमवारी फरशी." मी म्हटलं, एक कोपरा उकरा. वर अर्धा फूट मुरूम, खाली विटांचे तुकडे आणि अंगणातलीच काळी माती, तीही न दाबलेली. पहार सहज आत गेली.

"वरून फरशीच पडनार ना, कोन बघतंय?"

आजीचं गेल्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन चालते. एक लादी बोटभर वर आली तरी पुरे. तिने दारातूनच सांगितलं, "काढ म्हणावं समदं."

काढलं. नुसता मुरूम, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस. चार दिवस गेले, भांडण झालं ते वेगळं. उतार मोरीकडे आहे का ते पाण्याच्या नळीने मी स्वतः बघितलं. लाद्या बसल्यावर लाकडी दांडक्याने एकेक ठोकत गेलो. खाली माल भरलेला असेल तर आवाज घट्ट येतो, पोकळी असेल तर बद्द.

सात बद्द वाजल्या. पाच नीट निघाल्या, दोन फुटल्या. त्या दोनांचे पैसे कुणी द्यायचे, यावर बोलणी चालू आहेत.