पिस्तूल, खिशातील (संग्रह)

कोटाच्या खिशात मावणारे आखूड नळीचे पिस्तूल. सुरुवातीची चकमकीवर, पुढची टोपीवर उडत. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरच्या पिस्तुलाच्या इतक्या नकला झाल्या की त्याचे आडनावच या जातीला चिकटले. लिंकनवर १८६५ मध्ये त्याचेच पिस्तूल झाडले गेले. जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावरून बेल्जियमच्या एफएन कारखान्याने काढलेले ६.३५ मिमी. पिस्तूल तर तळहातात झाकते.

महाराष्ट्रात या हत्याराची आठवण शौकापेक्षा क्रांतिकार्याशी जोडलेली आहे. लंडनहून सावरकरांनी पेटीच्या चोरकप्प्यातून धाडलेल्या वीस ब्राउनिंगांपैकी एकाने अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला टिपले.

पुण्यात जुनी शस्त्रे पाहायची तर शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय गाठावे. मात्र दिनकर केळकरांचा (१८९६–१९९०) जीव दिवे, अडकित्ते, दौतींत अधिक रमला. शस्त्रे हा तेथील एक विभाग.

जाणकार आधी नळीवरील चाचणीचे ठसे व क्रमांक पाहतो, मग दस्ता मूळचा आहे का हे. घासून चकचकीत केलेला नग त्याच्या लेखी बाद. जुनी निळसर झाक गेली की किंमतही जाते.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ नुसार दुरुस्तीनंतरही न उडणाऱ्या जुनाट शस्त्राला सूट आहे. उडू शकणारे पिस्तूल आजोबांचे असले तरी परवाना लागतो. पुणे शहरात तो पोलीस आयुक्त देतात.