लाइन गेल्यावर राउटरला काय आठवतं?

मागच्या पावसाळ्यात भामरागडकडच्या एका मित्राचा फोन आला. "भाऊ, लाइन तर आली, पण नेट नाही आलं." आपल्याकडे वीज जात नाही, लाइन जाते. चंद्रपूरच्या ऊर्जानगरात २९२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे, तरी जंगलातल्या गावात लाइन जातेच. त्यात पर्लकोटेला पूर आलेला, पूल पाण्याखाली, म्हणजे दुरुस्तीवाला येणार नाही. आणि पोरांचे स्कॉलरशिपचे फॉर्म भरायचे होते.

चूक माझीच होती. दोन दिवस आधी मी फोनवर सांगत होतो आणि त्याने त्या जुन्या, ऑफिसात वापरतात तसल्या राउटरचं सेटिंग बदललं. सेव्ह करायला मात्र मी सांगितलंच नाही.

आता गंमत बघा, जगातल्या पहिल्या राउटरला ही अडचण नव्हती. १९६९ मध्ये अमेरिकेत अर्पानेटसाठी बीबीएन कंपनीने 'आयएमपी' नावाचं यंत्र बनवलं. आत हनीवेलचा कॉम्प्युटर, फ्रिजएवढं धूड. त्याची मेमरी चुंबकीय होती, बारीक बारीक कड्यांची. वीज गेली तरी आतलं पुसलं जायचं नाही, आणि वीज आली की यंत्र आपोआप परत कामाला लागायचं. प्रोग्रॅम बिघडलाच तर शेजारच्या आयएमपीकडून नेटवर्कवरूनच नवीन कॉपी घेता यायची. बटन दाबायला प्रत्येक ठिकाणी माणूस असणार नाही, हे त्यांनी आधीच धरलं होतं. मला हे आजही भारी वाटतं.

पुढे चिपवाली रॅम आली. वेगवान, स्वस्त, पण विसराळू! १९८४ मध्ये सुरू झालेल्या सिस्कोच्या राउटरमध्ये म्हणूनच सेटिंगच्या दोन प्रती असतात. चालू असलेली रॅममध्ये, आणि सुरू होताना वाचायची एनव्हीरॅममध्ये, जी वीज गेली तरी टिकते. पहिलीवरून दुसरी आपण स्वतः कॉपी करायची. नाही केली, तर लाइन आल्यावर राउटर जुन्याच आठवणी घेऊन उठतो. आमचं नेमकं हेच झालं.

मग आयआयटी कानपूरमध्ये शिकलेल्या प्रदीप सिंधूंनी १९९६ मध्ये जुनिपर काढली. १९९८ च्या त्यांच्या एम४० राउटरमध्ये फ्रीबीएसडीवर बांधलेली जुनोस ही सिस्टिम होती आणि आत हार्ड डिस्क. म्हणजे हा राउटर एक प्रकारे पूर्ण कॉम्प्युटरच. लिहिणं चालू असताना वीज तोडली तर फाइल खराब होऊ शकते. म्हणून आधी 'हॉल्ट'ची कमांड द्यायची, सिस्टिम थांबल्याचा मेसेज येईपर्यंत थांबायचं, मगच स्विच. असल्या मोठ्या राउटरला बहुतेक दोन पॉवर सप्लाय असतात. एक बंद करून राउटर बंद झाला असं समजू नका, दुसऱ्यावर तो चालूच राहतो.

घरातला वायफायचा डब्बा एवढा नाजूक नसतो. साधारण स्विचने बंद केला तरी चालतं. फक्त सॉफ्टवेअर अपडेट चालू असताना हात लावू नका, नाहीतर डब्बा कायमचा झोपू शकतो. आणि मागचं पिनेने दाबायचं बारीक बटन बंद-चालूचं नाही, ते सगळं सेटिंग पुसतं! "मी नुसतं रिस्टार्ट केलं" म्हणणारे निम्मे लोक तेच दाबून बसलेले असतात, असा माझा अंदाज.

विजा कडकडायला लागल्या की अ‍ॅडॉप्टर सॉकेटमधून काढाच. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, अ‍ॅडॉप्टरच्या तांब्याच्या वायरीतून येते. लाइन परत आली की लगेच लावू नका. सुरुवातीला व्होल्टेज वरखाली होतं, चार-पाच मिनिटं जाऊ द्या. मग आधी फायबरचा डब्बा, त्याचे लाइट स्थिर झाले की राउटर, शेवटी कॉम्प्युटर. बंद करताना उलटं.

त्या दिवशी मित्राला एकेक अक्षर फोनवर सांगत सगळं सेटिंग परत टाकून घेतलं. मध्ये तीनदा फोन कटला. शेवटच्या ओळीनंतर त्यानेच विचारलं, "भाऊ, सेव्ह कसं करू?"