शेर मापी की वजनी?

आमच्या आजीच्या वहीत अनारशांपुढे एवढेच लिहिले आहे : ‘तांदूळ १ शेर, गूळ दीड शेर.’ आजी साताऱ्याकडची, लग्न होऊन बडोद्याला आली. ती गेल्यावर एका अधिक महिन्यात आत्याने वहीबरहुकूम पीठ भिजवले आणि पहिलाच अनारसा तुपात हसला. दुसराही. गूळ जास्त झाला की अनारसा हसतो, हे कुणाला सांगायला नको. तांदळाच्या दीडपट गूळ लिहिणारी आजी चुकली असे घरात ठरले आणि वही माळ्यावर गेली.

चूक आजीची नव्हती. ‘शेर’ हा एकच शब्द दोन कामे करीत होता. देशावर धान्य तोलत नसत, मापत. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. शाळेतली ही कोष्टके आपल्या वडीलधाऱ्यांना पावकी-निमकीसारखी पाठ असत. माप सपाट भरायचे की शिगेचे, यावरून दुकानात वाद होत ते वेगळेच.

गूळ, साखर, मसाले मात्र तराजूत जात, आणि तराजूतला शेर तोळ्यांचा. वेलदोडे, केशर मोजताना आजी ‘रुपयाभार’ म्हणे, ते शब्दशः खरे होते. कंपनी सरकारने १८३३ मध्ये रुपयाचे वजन १८० ग्रेन ठरवले आणि तोळाही तेवढाच धरला. म्हणजे आजचे ११.६६ ग्रॅम. असे ८० तोळे म्हणजे पक्का शेर, ९३३ ग्रॅम.

पण पक्का शेर सगळीकडे चालत नव्हता. गुजरातेतला शेर ४० तोळ्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ निम्मा. त्याची खूण अजून बाजारात आहे. इथला व्यापारी मण म्हणतो तेव्हा त्याच्या मनात २० किलो असतात. आमचे इंदूरचे पाहुणे तोच शब्द ४० किलोंसाठी वापरतात. मण दोन्हीकडे चाळीस शेरांचाच, शेर तेवढा वेगळा.

आता वही पुन्हा वाचू. आजीने तांदूळ मोजला तो माहेरून आणलेल्या पितळी शेराने. ते माप अजून घरात आहे. मी त्यात पाणी भरून पाहिले : एक लिटरला थोडे कमी. तांदूळ सपाट भरला तर साधारण ८०० ग्रॅम. गूळ आला इथल्या मोदीकडून, इथल्या शेराने. दीड शेर म्हणजे ७०० ग्रॅम. आठाला सात! कोणतीही सुगरण मान्य करील असे प्रमाण. आत्याने दोन्ही शेर पक्के धरले होते.

१९५६ च्या कायद्याने दशमान वजनेमापे आली, १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. धान्यही किलोवर गेले, आणि घरोघरच्या वह्या एका पिढीत परक्या झाल्या. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याचे प्रमाण दिले, ते माझ्या मते फार शहाणपणाचे. वाटी लहान असो वा मोठी, सगळे जिन्नस तिनेच मोजले तर प्रमाण ढळत नाही. घोटाळा होतो तो अर्धे वाटीने, अर्धे काट्यावर घेतल्यावर. २०० मिलिलिटरच्या वाटीत तांदूळ १७० ग्रॅमच्या आसपास बसतो, तूप १८०, पण चाळलेली कणीक जेमतेम ११०. किसलेला गूळ तर दाबावा तेवढा दबतो, म्हणून तो तोललेलाच बरा.

वही आता माळ्यावरून खाली आली आहे. सुनेने अनारशांच्या ओळीशेजारी पेन्सिलीने लिहिले आहे : ‘तांदूळ ८००, गूळ ७०० ग्रॅम.’ आजीची ओळ खोडलेली नाही. चिरोट्यांच्या पानावर ‘तूप अच्छेर’ आहे. तो कोणता, हे अजून लागायचे आहे.